जळगाव एमआयडीसीत बनवून घेतलेलं चिखलाचं गिरमिट: कांदळवनाचा कर्ब मोजणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. चिखलाचा नमुना काढायचं हे गिरमिट घ्या, फक्त ताब्यात घ्यायला जाताना व्हर्नियर कॅलिपर सोबत असू द्या. माती परीक्षणाच्या ज्या खासगी प्रयोगशाळेत मी नमुने दिले, तिथला ओव्हन आणि भट्टी वापरा. त्यांच्या छापील अहवालावर मात्र विसंबू नका. गिरमिटाला पाचपैकी चार, प्रयोगशाळेला अडीच. दोन्हींची नावं देत नाही. वर्कशॉपवाल्यांना जाहिरात नकोय, हातातली कामंच संपत नाहीत म्हणतात. प्रयोगशाळेचं कारण पुढे वाचताना कळेलच.

मी चोपड्याची. वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता कंत्राटावर रायगड जिल्ह्यातल्या खाड्यांमध्ये कांदळवनाची मोजणी करते. झाडं किती, खोडं किती जाड, खाली चिखल किती खोल आणि या सगळ्यात मिळून कर्ब, म्हणजे कार्बन, किती. हे काम खानदेशात समजावून सांगायचं म्हणजे कठीण. आमच्याकडे खारं पाणी म्हटलं की लोकांना बोअरचं पाणी आठवतं. आमची तापी प्रकाशावरून पुढे जाते, उकाईच्या धरणात अडते आणि सुरतेच्या पलीकडे समुद्राला मिळते. तिथे मुखाशी तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उभी आहेत, हे वडिलांना मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. ‘नदी आपली आणि झाडं त्यांची,’ एवढंच म्हणाले.

मग गिरमिट जळगावलाच का? कारण परदेशी बनावटीचं जे कोटेशन आलं, ते वाचून आमच्या प्रकल्पप्रमुखांनी फाइल मिटली. आणि रावेरच्या मामांच्या केळीच्या बागेत ठिबकखालचा ओलावा बघायला एक बारकं गिरमिट वर्षानुवर्षं आहे, ते याच वर्कशॉपचं. एमआयडीसीत शिरल्यावर चटई आणि पाइपांचे कारखाने मागे टाकले की डाळ मिलचे सुटे भाग बनवणाऱ्यांची एक ओळ लागते, त्यातलंच हे. दोन लेथ, एक जुनं मिलिंग मशीन, आर्गन वेल्डिंगची सोय. मालक आणि मिस्तरी एकच.

माझं रेखाचित्र बघून मिस्तरींचा पहिला प्रश्न: ‘ताई, चिखल काढाले इतलं भारी स्टील कसाले? जीआय दी टाकू का?’ मी नको म्हटलं. जस्ताचा मुलामा खाऱ्या चिखलात फार दिवस धरत नाही, आणि एकदा धार गंजली की ती मुळं कापत नाही, नुसती ढकलते.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांना प्रश्न पडेल की झाडांचा कर्ब मोजायला चिखल कशाला उकरायचा. झाडांचा हिशेब तसा सरळ आहे. खोडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटरवर घ्यायचा. कांदळाच्या, म्हणजे ऱ्हायझोफोराच्या, आधारमुळांचा पसारा मोठा असतो, तिथे सगळ्यात वरच्या मुळाच्या ३० सेंटीमीटर वर टेप लावायचा. मग कोमियामा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेलं समीकरण: व्यासाचा २.४६ वा घात, गुणिले लाकडाची घनता, गुणिले ०.२५१. उत्तर येतं ते झाडाच्या जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन, किलोमध्ये. १० सेंटीमीटर व्यासाचं तिवर घ्या, लाकडाची घनता ०.६५ धरा; साधारण ४७ किलो. टेप तिरका धरला आणि वहीत ११ लिहिलं तर तेच झाड साडेएकोणसाठ किलोचं होतं. म्हणून नव्या मुलांना मी दुपारी थकल्यावर टेप धरू देत नाही. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, २०१३ च्या पाणथळ जागांवरच्या पुरवणीत या कोरड्या वजनातला कर्ब ४५.१ टक्के धरला आहे, म्हणजे ४७ किलोच्या झाडात २१ किलो. काही अहवालांत कर्ब आणि कार्बन डायऑक्साइड यांची बिनदिक्कत सरमिसळ केलेली असते. एकाचं दुसरं करायला ४४ भागिले १२ ने गुणावं लागतं, म्हणजे साडेतीन पटीहून जास्त फरक. कुठल्याही बातमीत कांदळवनाचा ‘कार्बन’ वाचलात तर आधी हे बघा की कशाबद्दल बोलताहेत.

पण खरा साठा पायाखाली असतो. डोनाटो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या २५ कांदळवनांची मोजणी प्रसिद्ध केली. सरासरी निघाली हेक्टरी १,०२३ टन कर्ब, आणि ठिकाणागणिक त्यातला ४९ ते ९८ टक्के हिस्सा मातीत. भरतीचं पाणी रोज येतं, चिखलात हवा शिरत नाही, पानं-मुळं पूर्ण कुजत नाहीत, वरून नवा गाळ बसत जातो. आता यातली गोम अशी की हा साठा कुणाला नीट मोजता आलेला नाही. जगातल्या कांदळवनांच्या वरच्या एक मीटर मातीत किती कर्ब आहे, याचा २०१७ चा एक अंदाज २.६ अब्ज टन आणि २०१८ चा दुसरा ६.४ अब्ज टन. दोन्ही जाणत्या लोकांनी केलेले. एवढी तफावत येते ती गणित चुकल्यामुळे नाही. गणित तर शाळेतलं आहे: मातीची बल्क डेन्सिटी (ठरावीक घनफळातल्या मातीचं कोरडं वजन) गुणिले खोली सेंटीमीटरमध्ये गुणिले कर्बाची टक्केवारी, बस्स, हेक्टरी टन मिळाले. खोली पट्टीने मोजता येते. टक्केवारी प्रयोगशाळा देते. डेन्सिटी मात्र काढायची तर ठरावीक घनफळाचा, न दाबलेला, न सांडलेला चिखल हाती यावा लागतो. ते घनफळ म्हणजे गिरमिटाच्या आतली पोकळी. म्हणून हे परीक्षण मिलिमीटरचं आहे.

गिरमिट दिसतं असं: एक मीटर लांबीची अर्धी उभी कापलेली नळी, खाली निमुळती चोच, एका कडेला धार, वर दांडा आणि आडवी मूठ. चिखलात उभं दाबायचं, पूर्ण खोलीवर गेलं की एक गिरका द्यायचा, धार मुळं कापत फिरते आणि नळीत चिखलाचा अर्धगोल दंड बसतो. मग सावकाश वर ओढायचं. सुरीने वरचा भाग कडांच्या सपाटीत छाटायचा आणि ०-१५, १५-३०, ३०-५०, ५०-१०० सेंटीमीटर अशा थरांच्या मध्यातून पाच-पाच सेंटीमीटरचे तुकडे कापून पिशवीत भरायचे. हातोडा अजिबात वापरायचा नाही. ठोकलं की चिखल दबतो आणि डेन्सिटी फुगते.

मिस्तरींनी ‘दोन इंची पाइप’ घेतला. इथे मी अडून बसले. दोन इंची म्हणून जो स्टीलचा पाइप बाजारात मिळतो तो कुठूनच दोन इंच नसतो. बाहेरून ६०.३ मिलिमीटर, जाडी शेड्यूलप्रमाणे, म्हणजे भिंतीच्या ठरलेल्या वर्गाप्रमाणे, बदलते. शेड्यूल ४० असेल तर भिंत ३.९१ मिलिमीटर, म्हणजे आतला व्यास साडेबावन्न. नावावर विश्वास ठेवून ५०.८ मिलिमीटर धरून घनफळ काढलं, तर ते सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी येतं, डेन्सिटी पावणेसात टक्क्यांच्या आसपास जास्त, आणि शेवटचा कर्बही तेवढाच जास्त. २०२१ च्या वनस्थिती अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर आहे. समजा सगळीकडे एक मीटरपर्यंत हेक्टरी १४० टन धरले (हा आकडा फक्त हिशेबापुरता), तर निव्वळ पाइपाच्या नावामुळे राज्याच्या खात्यावर तीन लाख टन कर्ब हवेतून जमा होतो. मिस्तरी हसले. म्हणाले, ‘मिलिमीटर? आमी सूतमा मोजतस.’ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या वर. डाळ मिलला चालतं ते.

तरी माणूस कामाचा पक्का. कटर पात्याची जाडी पाइप खाते, हे त्यांच्याच लक्षात आलं. बरोबर मध्यावर कापला तर दोन्ही अर्ध्या नळ्यांची कड पात्याच्या निम्म्या जाडीएवढी कमी भरते. एक मिलिमीटर कमी म्हटलं तरी घनफळात पाच टक्क्यांच्या आसपास घट. त्यांनी मध्यरेषा सोडून एका बाजूला काप घेतला, एक भाग पूर्ण अर्धा ठेवला आणि दुसरा भंगारात टाकला. ‘एका पाइपमधून दोन निघाले असते,’ असं पुटपुटलेही, आणि तो भंगारातला तुकडाही बिलात लावला. लावू देत. कापल्यावर पाइप किंचित उघडतो, ताण सुटतो म्हणून. तो त्यांनी शिकंजात धरून पुन्हा बसवला आणि मगच चोच आर्गनने जोडली.

ताब्यात घेताना मी तीन ठिकाणी कॅलिपर लावला. वर ५२.६, मध्ये ५२.४, चोचीजवळ ५१.९. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथे आवळलं होतं. खालचा तेवढा भाग मी नमुन्यात धरतच नाही. पण कॅलिपर एकट्यावर माझा भरवसा नव्हता. घरी येऊन दहा सेंटीमीटरच्या अंतरावर एम-सीलचे दोन बांध घातले, आत काठोकाठ पाणी भरलं आणि ते पाणी वडिलांच्या मित्राच्या सराफी दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोललं. गणिताने १०८ ग्रॅम यायला हवं होतं. भरणी परत परत केली, १०७ ते १०९ च्या मध्ये राहिलं. सोन्याच्या काट्यावर पाणी मोजणारी गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटली असावी. मजुरी लावली नाही, चहा पाजला.

खाडीत गिरमिट कसं वागतं? तिवरांच्या खालचा घट्ट, निळसर-काळा चिखल असेल तर उत्तम. एक माणूस सहज दाबू शकतो, गिरका देताना बारीक मुळं कापली जातात तो आवाज हाताला कळतो, दंड अख्खा वर येतो. आत चिखलाची पातळी आणि बाहेर भोकाच्या कडेची पातळी एकसारखी दिसली म्हणजे चिखल दबला नाही. प्रत्येक वेळी हे बघायची सवय लावून घ्या. खाडीच्या अगदी कडेला, जिथे चिखल पातळ, तिथे मात्र वर ओढताना खालचा थर घसरतो. हा दोष या गिरमिटाचा नाही, अर्ध्या उघड्या नळीचाच. तिथे झाकण फिरून बंद होणारं रशियन पद्धतीचं यंत्र लागतं, आणि ते या वर्कशॉपने बनवावं असं मी सुचवणारही नाही. त्याच्या बिजागरीला सूताचा हिशेब चालत नाही.

तक्रारी तीन. पहिली वजनाची. शेड्यूल ४० चा पाइप, दांडा, मूठ आणि एक वाढीव दांडी मिळून सहा किलोच्या घरात जातं. गुडघाभर चिखलात ते खांद्यावर घेऊन चालताना चपला मागे राहतात आणि तोंडातून चोपड्याची भाषा बाहेर पडते. शेड्यूल १० चा पाइप घेतला तर भिंत २.७७ मिलिमीटर, बरंच हलकं, आणि पातळ भिंत चिखल कमी ढकलते. आतला व्यास मात्र ५४.८ होतो, सगळे तक्ते नव्याने करावे लागतात.

दुसरी जोडाची. वाढीव दांडीला त्यांनी आटे पाडून दिले. दोन वेळा खाडीत वापरल्यावर आट्यांत रेती आणि शिंपल्यांचा चुरा बसला, आणि ओहोटी संपत आलेली असताना दोन पाने लावून आम्ही तो जोड सोडवत उभे. आमच्यासोबतचे आगरी दादा म्हणाले, खाडीत आटे आणि लग्नात भाषण, दोन्ही अडकतात. खिट्टीचा जोड मागा: दांडीत आरपार भोक, त्यात पिन, वर क्लिप. मिस्तरींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, आधी सांगितलं असतं तर तेच सोपं होतं.

तिसरी गंजाची. पाइप ३०४ स्टीलचा आहे, तो अजून चांगला आहे. पण वेल्डच्या शेजारी, जिथे धातू तापून रंग बदलतो, तिथे पहिल्याच पावसाळ्यानंतर तपकिरी ठिपके आले. समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड तिथेच चावतं. वेल्डनंतर पिकलिंग पेस्ट लावून तो रंग काढून टाकायला सांगा. त्यांच्याकडे असते, न सांगता लावत नाहीत. खर्च झेपत असेल तर मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घ्या. आणि प्रत्येक दिवसाच्या शेवटी गोड्या पाण्याने धुवा, यात आळस नको.

किंमत वाढीव दांडीसकट ७,४०० रुपये पडली, जीएसटी धरून. सांगितलेल्या तारखेला मिळालं नाही, आठवडा उशीर. तेव्हा केळीच्या खोडापासून धागा काढायच्या मशीनचं काम आलं होतं म्हणे. खानदेशात केळीपुढे कांदळवनाचा नंबर मागे लागणार, त्याला इलाज नाही.

आता प्रयोगशाळा. नमुने मी कल्याणहून रेल्वेने आणले, थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून. पेटी बर्थखाली ठेवली होती. इगतपुरी येईपर्यंत डब्यात कुजक्या अंड्यांचा वास पसरला, आणि समोरच्या काकूंनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. हायड्रोजन सल्फाइड; चिखलात हवा नसल्याचा पुरावाच तो. पण हे काकूंना सांगण्यात अर्थ नव्हता.

प्रयोगशाळा शेतकऱ्यांची आहे, कापूस आणि केळीच्या जमिनीचे नमुने तपासणारी. स्वच्छ, दरपत्रक भिंतीवर, मुलं कामसू. ओव्हन चांगला, ६० अंशांवर दिवसभर स्थिर राहतो. (मे महिन्यात भुसावळला ओव्हन लागतोच कशाला, हा विनोद तिथे प्रत्येक जण करतो. लागतो. गच्चीवर ४५ अंश असतात आणि रात्री दमट होतं.) पण पहिल्या खेपेला त्यांनी शेतमातीची रीत लावली. माती वाळवली, कुटली, चाळली, थोडी बाटलीत ठेवली आणि उरलेली टाकून दिली. एकूण कोरडं वजन न करता! शेतकऱ्याला टक्केवारी हवी असते, डेन्सिटी कुणी विचारत नाही, त्यांच्या दृष्टीने काही बिघडलं नव्हतं. माझ्या दृष्टीने त्या खेपेतला प्रत्येक नमुना निम्मा वाया गेला. मिलिमीटरवर भांडून काढलेल्या चिखलाचं वजनच नाही म्हटल्यावर हातात राहिली नुसती टक्केवारी, आणि नुसत्या टक्केवारीवरून साठा निघत नाही.

अहवाल तर जपून ठेवण्यासारखा. थराची खोली ‘०-१५’ मी पिशवीवर लिहिली होती, ती गट क्रमांकाच्या रकान्यात छापून आली. पीक: कापूस. सेंद्रिय कर्ब १.९ टक्के, शेरा ‘अत्यंत जास्त’, कारण शेतीच्या पट्टीत एक टक्क्याच्या वर सगळं अत्यंत जास्तच. क्षारता: पिकास हानिकारक. शिफारस: जिप्सम टाकावे व उताराच्या दिशेने चर काढून निचरा सुधारावा. मी हसले, पण त्या शेवटच्या ओळीत गंमत कमी आहे. कांदळवनाच्या चिखलाचा निचरा केला की हवा आत जाते, शतकांचं साठलेलं कुजायला लागतं आणि कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. खाजण भरून, बांध घालून, तळी खोदून किनाऱ्यावर जे होतं ते हेच.

त्या १.९ मध्येही मीठ आहे, अक्षरशः. प्रयोगशाळा सेंद्रिय कर्ब काढते वॉकली आणि ब्लॅक यांच्या १९३४ च्या पद्धतीने: पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल टाकायचं, किती डायक्रोमेट खर्ची पडलं ते मोजायचं. काळ्या रानाला ही पद्धत ठीक आहे. तिथेही सगळा कर्ब जळत नाही, साधारण ७७ टक्केच जळतो असं धरून १.३ ने गुणतात. पण खाऱ्या चिखलातलं क्लोराइड आणि सल्फाइडही डायक्रोमेट खातात, आणि यंत्रणेला ते कर्बच वाटतं. क्लोराइडवर सिल्व्हर सल्फेट घालता येतं. दर ऐकून व्यवस्थापकांनी हात जोडले.

दुसऱ्या खेपेपासून मी त्यांच्याकडून फक्त ओव्हन आणि मफल भट्टी घेते. वजन मी स्वतः करते, आधी आणि नंतर. ४५० अंशांवर जाळायचं, जेवढं वजन घटलं तेवढा सेंद्रिय अंश. याबाबतीत भट्टीवरचा मुलगा उत्तम आहे: क्रुसिबलला पेन्सिलने क्रमांक, डेसिकेटरमध्ये थंड झाल्याशिवाय काट्याला हात लावू देत नाही. अडीचमधला दीड त्याचा.

घटलेल्या वजनावरून कर्ब काढताना एक सापळा आहे, तो सांगूनच पुढे जाते. प्रशिक्षणात मिळणाऱ्या तयार एक्सेल शीटमध्ये बहुधा एक समीकरण असतं: घट गुणिले ०.४१५, अधिक २.८९. ते आलं प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवरच्या कांदळवनातून. आता माझ्या नमुन्यासारखी सहा टक्के घट त्यात घाला. कर्ब येतो ५.३८ टक्के. जळून गेलेल्या सहा भागांत पाच भागांहून जास्त कर्बच? सेंद्रिय पदार्थात कर्ब निम्म्याच्या आगेमागे असतो. शेतीतला जुना ०.५८ चा गुणक लावला तरी ३.४८ येतो, आणि तोही आमच्या चिकणमातीत जास्तच असणार, कारण तापवल्यावर चिकणमातीत अडकलेलं पाणीही जातं आणि ते घटीत मोजलं जातं. पलाऊच्या समीकरणात दोष नाही, ते तिथल्या चिखलाचं आहे. आमच्या खाड्यांत डोंगरावरून आलेला गाळ जास्त, सेंद्रिय अंश कमी. म्हणून काही नमुने मी कर्ब थेट मोजणाऱ्या यंत्रावर, एलिमेंटल अॅनालायझरवर, तपासायला बाहेर पाठवते, आम्लाने शिंपल्यांचा चुना काढून, आणि त्यावरून आमच्या चिखलापुरतं समीकरण बसवते. खर्च येतो. पण त्यावाचून बाकीचं सगळं अंदाजपंचे.

मामांनी विचारलं होतं, एवढं करून तुझ्या चिखलात आमच्या रानापेक्षा काय जास्त? त्यांच्या बागेचा जमीन आरोग्य पत्रिकेवरचा कर्ब ०.५ टक्के, डेन्सिटी १.३ धरू, वरचे ३० सेंटीमीटर: हेक्टरी साडेएकोणीस टन. दोन टक्क्यांचा चिखल, डेन्सिटी ०.७, तेवढेच ३० सेंटीमीटर: ४२ टन. म्हणजे दुप्पट, दहापट नाही. चिखल हलका असतो ना. फरक पडतो तो खाली. मामांच्या रानात खाली गेलं की कर्ब झपाट्याने कमी होतो, खाडीत मीटरभर खाली जवळपास तोच राहू शकतो. म्हणून तिथे १०० सेंटीमीटरला १४० टन. आयपीसीसीचा तयार आकडा एक मीटरला ३८६ टन आहे, खनिज मातीसाठी २८६. ते वापरायचे तर गिरमिट घेऊच नका, घरी बसून गुणाकार होतो. अहवालात मात्र तसं लिहा.

कुणी घ्यावं? महाविद्यालयांचे वनस्पतीशास्त्र आणि भूगोल विभाग, कांदळवनावर काम करणारे छोटे गट, ज्यांना वर्षभरात बऱ्याच जागांवरून नमुने घ्यायचेत आणि परदेशी यंत्राचं बजेट नाही. पातळ चिखलातच काम असेल त्यांनी घेऊ नये. मागणी देताना कागदावर आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहा, ‘दोन इंची’ हा शब्द काढूच नका, पाच-पाच सेंटीमीटरच्या खुणा चोच जिथे संपते तिथून मोजून कोरायला सांगा, आणि अर्धी रक्कमच आगाऊ द्या. मिस्तरींना दुपारी दोन ते चारमध्ये फोन करू नका, जेवून आडवे होतात.

मी दुसरं सांगितलंय: शेड्यूल १०, ३१६, खिट्टीचा जोड. दिवाळीनंतर देतो म्हणाले, म्हणजे संक्रांत धरून चालते.